करंजाच्या पुढं जायचं नाही

पौडच्या पुढं मुळा नदीच्या काठाला एक वाडी आहे. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा सांगून बसलोय, तेवढं पुरे झालं.

मी पिरंगुटला पॅकिंगचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आठ तास खोक्यांच्या कडा, चिकटपट्ट्या आणि छपाई बघत बसायचं. चार-पाच वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत कंपनीमागच्या ओढ्यावर एक खंड्या मासा आपटून आपटून खाताना दिसला, आणि तिथून मला पक्ष्यांचा नाद लागला. जुन्या बाजारातून एक वापरलेली दुर्बीण आणली. पुण्यातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपात शिरलो. माणसं चांगली होती, शिकलेली होती. प्रत्येकाच्या गळ्यात हातभर लांब लेन्स. त्यांच्यात सगळ्यात जाणते म्हणजे विठ्ठलराव. सत्तरीला आलेले, रिटायर इंजिनियर, पण चालायला लागले की तरुण मागं राहायचे. ते एखाद्या पक्ष्याचं नाव बोलले की बाकीचे वह्या उघडायचे.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात मुळशी धरणाच्या फुगवट्यावर गेलो होतो तेव्हा मी सगळ्यांच्या आधी वर बोट करून ओरडलो, "गरुड! गरुड!" विठ्ठलरावांनी दुर्बीण लावली, खाली केली आणि म्हणाले, "अरे सिद्धांत, घार आहे ती. तुझ्या कंपनीवर रोज फिरत असेल." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर ग्रुपवर कुणी फोटो टाकला की मी फक्त अंगठा टाकायचो. स्वतःहून काही लिहायची छाती झाली नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी पौडला एका टपरीवर चहा पीत उभा होतो. दुर्बीण गळ्यात होतीच. बाकावर एक म्हातारा बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायाशी पेंडीचं पोतं. त्यानं विचारलं, "त्यातनं काय बघता, सायब?"

"पाखरं बघतो, बाबा."

"आमच्याकडं एक आलंय. दोन हायेत, नर-मादी. असलं म्या जल्मात बघितलं न्हाई. टकुरं काळं, चोच हळदीवानी, आन पोट असं काळं जसं काय तव्यावर बसून आलंय."

मी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. काळी टोपी, पिवळी चोच, काळं पोट. पुस्तकात मी ते चित्र कितीदा पाहिलं होतं. पण गरुडाची आठवण अजून ताजी होती, म्हणून म्हटलं, टिटवी असेल.

"टिटवी मला कळत न्हाई व्हय?" म्हातारा जरा रागानंच बोलला. "चला, दावतो. पेंड तेवढी गाडीवर घ्या."

असा मी बहिरूबाबांना भेटलो. पेंडीचं पोतं पुढं, बाबा मागं, असे आम्ही पौडच्या पुढं गेलो, मग डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं नदीकडं उतरलो. बाबांची जमीन बरीचशी विकली गेली होती, वरच्या अंगाला बंगल्यांचे प्लॉट पडले होते. नदीलगतचा एक तुकडा, दोन म्हशी आणि पत्र्याचं घर एवढं उरलं होतं. काठावर एक जुनं करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली बाबा थांबले.

"हितनं म्होरं जायाचं न्हाई. काय बघायचं ते हितनं बघा."

नदीत पाणी कमी झालं होतं. मधोमध धोंड्यांचं आणि वाळूचं एक बेट उघडं पडलं होतं, फार तर आपल्या घराच्या अंगणाएवढं. मी दुर्बीण लावली. आधी नुसते गोटे दिसले. मग एका गोट्याला डोळा आहे असं दिसलं. काळी टोपी. पिवळीधमक चोच. तेवढ्यात दुसरा पक्षी पाण्यावरून आला, बसलेला उठला, आणि मला त्याचं पोट दिसलं.

काळ्या पोटाचा सुरय. एकेकाळी नद्यानद्यांवर दिसायचा, आता जगातच थोडे उरलेत. मी दुर्बीण करंजाच्या खोडाला टेकवून पुन्हा बघितलं.

"अंडी हायेत," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तीन. आता हप्ता व्हत आला. उन्हाचं ते काय करतंय बघा."

दोघांतला एक पक्षी पाण्याला टेकून उडाला, पोट ओलं केलं, आणि तसाच जाऊन अंड्यांवर बसला. मी हे वाचलं होतं. उघड्या गोट्यांवर अंडी, वरून ऊन, म्हणून पोटाच्या पिसांत पाणी आणून अंडी गार ठेवायची. आणि हा माणूस कुठलंही पुस्तक न वाचता ते रोज इथं बसून बघत होता. म्हशी तिथं उतरू नयेत म्हणून त्यांना तो लांबच्या उतारावर पाण्यावर नेत होता. वाडीतली कुत्री बेटाकडं गेली की गोफण फिरवत होता. त्याची बायको गोजराबाई घरातून चहा घेऊन आली आणि कुरकुरली, "त्या पाखरापायी मला धुनं घेऊन पार खालच्या अंगाला जावं लागतंय. हितं दगडावर आपटायचं न्हाई म्हनं, आवाज व्हतो." पण बोलताना तीसुद्धा बेटाकडंच बघत होती.

निघताना बाबांनी मला हाताला धरून थांबवलं. दुपारपर्यंत 'सायब' जाऊन 'तू' झालं होतं. "कुनाला सांगू नगंस. मागं हितं पानमांजर यायचं. म्या एकाला बोललो. आठ दिसांत जाळी लावून नेलं."

"नाही सांगणार, बाबा. शब्द देतो."

"शब्द बिब्द नगं. नुस्तं सांगू नगंस."

घरी आलो आणि वृषालीला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे असं धरून चाललो. दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेला फोटो तिला दाखवला. तिला त्यात गोटेच दिसले. मी बोटानं दाखवल्यावर म्हणाली, "हा? छान आहे. पण बाबा कुणाला सांगू नको म्हणालेत ना?"

"हो मग. कोण सांगतंय?"

सोमवार गेला, मंगळवार गेला. मशीनवर उभा असताना खिशातला तो फोटो मला मोबाइलसकट जड वाटायचा. ग्रुपवर कुणीतरी हळद्याचा फोटो टाकला, त्यावर पंचवीस जणांनी वाहवा केली. हळद्या! माझ्या खिशात काय आहे याची यांना कल्पना तरी आहे का, असं मनात यायचं. बुधवारी रात्री मी विठ्ठलरावांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, "सर, ओळख बरोबर आहे का एवढंच सांगा."

दोन मिनिटांत त्यांचा फोन आला.

"सिद्धांत, हे तुम्ही काढलंय?"

त्यांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"हो सर."

"अहो, फार मोठी गोष्ट शोधलीत तुम्ही. मी चाळीस वर्षं पक्षी बघतोय, आपल्या जिल्ह्यात मला हा एकदाही दिसला नाही. कुठं आहे?"

"सर, जागा नाही सांगता येणार. घरटं आहे. तिथल्या माणसांना मी कबूल केलंय."

"अगदी योग्य. सांगूच नका." मग म्हणाले, "माझं वय बघता मला पुन्हा संधी मिळेल असं वाटत नाही. पण तुमचं बरोबर आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रात्रभर त्यांचा तो आवाज कानात राहिला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना जागेचं लोकेशन पाठवलं. लिहिलं, "फक्त तुमच्यासाठी." उत्तर आलं, "अर्थात."

आज मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर सरळ येतं. म्हाताऱ्या माणसाची दया आली म्हणून मी सांगितलं नाही. त्या 'तुम्ही'साठी सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला की उद्या येतोय, आपल्यातलीच चार माणसं सोबत आहेत, अगदी भरवशाची, तुम्ही रस्ता दाखवायला या. मी नाही म्हणालो नाही. रविवारी साडेनऊला घोटवडे फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एक गाडी आली, तिच्यामागं दुसरी, मग थांबतच नव्हत्या. नऊ गाड्या मी मोजल्या. चार माणसांनी आपापल्या चार माणसांना सांगितलं होतं, त्यांनी पुढं. विठ्ठलरावांचा चेहरा जरा पडला होता. "कसं कुणास ठाऊक पसरलं," ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हे सिद्धांत. यांनी शोधलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भर रस्त्यावर, फाट्यावर. एका बाईंनी माझ्यासोबत सेल्फी घेतला. मी माझी मोटारसायकल सगळ्यांच्या पुढं घातली.

करंजापाशी पोचलो तेव्हा बाबा नव्हते. म्हशी घेऊन लांबच्या उतारावर गेले असणार, मला ती वेळ माहीत होती. मी सगळ्यांना सांगितलं, "इथून पुढं जायचं नाही." सगळे थांबले. दहा मिनिटं थांबले. मग कुणाला फांदी आडवी येत होती, कुणाला ऊन समोरून येत होतं. दोघे चार पावलं पुढं सरकले, त्यांच्यामुळं मागच्यांना दिसेना म्हणून तेही सरकले. अकराच्या आत सगळे पाण्याच्या कडेला होते. एकानं बूट काढले, पँट दुमडली आणि कॅमेरा डोक्यावर धरून पाण्यात शिरला.

सुरय उठला. दोन्ही उठले. आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागले, आणि खाली तीसेक कॅमेऱ्यांचा कडकडाट सुरू झाला. "फ्लाइट शॉट मिळतायत!" कुणीतरी आनंदानं ओरडलं.

मला ठाऊक होतं. तिथं जमलेल्या बहुतेकांना ठाऊक असणार, पण मला तर नक्की ठाऊक होतं, कारण आठवड्यापूर्वी मी ओल्या पोटाचा तो पक्षी अंड्यांवर बसताना डोळ्यांनी पाहिला होता. गोट्यांवर हात ठेवला तर चटका बसेल असं ऊन होतं. मी घड्याळ बघितलं. अकरा. मग सव्वाअकरा. पक्षी खाली उतरायला बघायचा आणि पाण्यातला तो माणूस हलला की पुन्हा वर जायचा. मी विठ्ठलरावांकडं बघितलं. ते त्यांच्या लेन्सला डोळा लावून होते आणि त्यांच्या गालावरून चक्क पाणी ओघळत होतं. त्या क्षणी कसं सांगायचं की सर, पुरे आता, असं माझ्या मनात आलं. आणि मी गप्प बसलो. बारा वाजले.

"ए! भाईर या! भाईर या तितनं!"

बाबा काठाकाठानं पळत येत होते. हातात काठी होती, टॉवेल गळ्यात आला होता. "अंडी हायेत तितं! उनानं शिजत्याल! कळतंय का न्हाई तुमाला?"

पाण्यातला माणूस वळून म्हणाला, "काका, आम्ही पक्षिमित्र आहोत. काही त्रास देत नाही त्यांना."

बाबांनी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ते रागावलेले दिसले नाहीत. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदा बरंच वाटलं असावं की चला, ओळखीचा एक माणूस आहे इथं.

"सांग की ह्यांना," ते म्हणाले.

विठ्ठलरावांनी लेन्सवरून मान उचलली. "तुमच्या ओळखीचे आहेत का हे?"

तीस माणसं माझ्याकडं बघत होती. मघाशी टाळ्या वाजवणारी. हा पक्षी मी शोधलेला नाही, या म्हाताऱ्यानं शोधलाय, त्यानं कुणाला सांगू नको म्हणून हात धरला होता आणि मी चार दिवसांत बोललो, हे सगळं त्या एका 'हो'च्या मागून येणार होतं.

"नाही," मी म्हणालो. "इथलेच कुणी असतील."

बाबा माझ्यापासून पाच पावलांवर होते.

त्यांनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही. काठी वाळूत टाकली, चपला काढल्या आणि पाण्यात शिरले. कमरेपर्यंत पाणी आलं तसे बेट आणि आम्ही यांच्या मधोमध जाऊन आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. ओरडले नाहीत, हात केले नाहीत. नुसते उभे. पाण्यातला माणूस थोडा वेळ थांबला आणि मग बाहेर आला. कॅमेरे हळूहळू खाली झाले. "फ्रेममध्येच आलेत," कुणीतरी पुटपुटलं. "चला, मिळालेत बऱ्यापैकी," दुसरं कुणीतरी म्हणालं.

गाड्या वळवताना मी मागं बघितलं. बाबा तसेच उभे होते आणि त्यांच्यामागं बेटावर एक पक्षी उतरत होता.

परतताना सगळे फाट्यावर मिसळ खायला थांबले. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. मी खाल्ली. खोटं कशाला सांगू, चांगली लागली. घास अडकला वगैरे काही झालं नाही. ते सगळं घरी आल्यावर झालं, जेव्हा वृषालीनं पाण्याचा तांब्या देत सहज विचारलं, "आणि ते बाबा भेटले का?"

"नव्हते आज," मी म्हणालो. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

दोन दिवसांनी चौदा एप्रिल होता. आमच्या वस्तीत पताका लागल्या होत्या, मंडपाचं काम माझ्याकडं होतं. सकाळी पांढरे कपडे घालून सगळे विहारात जमलो. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून तोंडपाठ. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणायचं असतं तिथं, माझा आवाजच निघाला नाही. शेजारी वृषाली होती. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले, पण तिला कळलं. बाहेर चपला घालताना तिनं विचारलं, "काय झालंय?"

मी सांगितलं. फाट्यावरच्या टाळ्यांपासून सगळं. तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली.

"तुला लाज वाटतेय ती कशाची? पाखराची का त्या माणसाची?"

"दोन्हीची."

"मग जाऊन सांग त्यांना."

"काय सांगू?"

"ओळखतो म्हणून सांग."

मी तसाच, त्याच पांढऱ्या कपड्यांत गेलो. बाबा करंजाखाली बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, बेटाकडं दाखवलं. पक्षी अंड्यांवर बसलेला होता. मला इतका आनंद झाला की मी खालीच बसलो. मग मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखत नाही म्हणालो."

"ऐकलं म्या."

"खोटं बोललो. आणि लोकांना जागा मीच सांगितली."

"ते तर कळलंच."

"तुम्ही तिथंच मला बोलायचं. चारचौघांत कानाखाली वाजवायची."

बाबांनी तंबाखू मळायला घेतली. "काय बोलू? तू म्हनला वळखत न्हाई. म्या म्हनलं, खरं असंल. आपली वळख ती किती? एका दिसाची. पेंडीचं पोतं आनलंस, च्या प्यायलास. मलाच वाटलं व्हतं जास्त."

मी मान खाली घातली. त्यांनी ते मला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांनी बसून विचार केला होता आणि हिशेब त्यांना तसा लागला होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." म्हणजे माफ केलं की नुसतं ऐकलं ते मला समजलं नाही.

"फुटतील ना अंडी?" मी विचारलं.

"बघू. तीन हप्त्यांच्या वर जायला न्हाई पायजे."

त्यानंतर मी रोज जायला लागलो. पहिली पाळी साडेतीनला सुटली की थेट नदी. पुन्हा गाड्या येऊ नयेत म्हणून विठ्ठलरावांना फोन करून विनवणी केली. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना कडक शब्दांत लिहिलं आणि पुन्हा कुणी आलं नाही. हे त्यांनी केलं, ते मान्य करायला हवं. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी मला आधी तोंड उघडता आलं नव्हतं, हेही.

तीन आठवडे झाले. चौथा गेला, पाचवा लागला. पक्षी बसतच होते. एक उठायचा, दुसरा बसायचा. पोट ओलं करून आणायचे. उठला की चोचीनं अंडी जरा फिरवायचा, त्यांच्याकडं बघायचा, पुन्हा बसायचा. गोजराबाई चहा आणायची आणि उभ्याउभ्या म्हणायची, "अजून न्हाई?" बाबा मान हलवायचे. कुणी मला काही बोललं नाही. त्या पाचव्या आठवड्यात मी करंजाखाली बसून एकच गोष्ट बघत होतो, की दोन जीव मेलेल्या अंड्यांना पाणी घालतायत आणि त्यांना ते सांगायला कुणी नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस बेट रिकामं होतं. बाबा म्हणाले सकाळपासून फिरकले नाहीत. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी बाबा पाण्यात उतरून बेटावर गेले. दोन अंडी कावळ्यांनी फोडली होती. तिसरं त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मातकट रंगाचं, वर तपकिरी शिंतोडे. कानाशी नेऊन हलवलं तर आत काहीतरी डचमळलं.

"जा आता परत ठिवून ये," बाबा म्हणाले. "त्यांचंच हाय ते."

मी पँटसकट पाण्यात शिरलो. बाबा उभे होते तिथं, मधोमध आलो, तेव्हा मला पाण्याला किती ओढ आहे ते कळलं. त्या दिवशी हा माणूस न हलता त्या ओढीत उभा राहिला होता.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं. पक्षी मी शोधला नव्हता, बहिरूबाबांनी शोधला होता. त्यांना दिलेला शब्द मी मोडला. त्यांना ओळखत असून ओळखत नाही म्हणालो. आपण तिथं दीड तास होतो आणि अंडी मेली. जागेचं नाव लिहिलं नाही. मग एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं. एकानं लिहिलं की अंडी इतर कारणांनीही निकामी होतात. त्याखाली कुणीतरी दुसऱ्या दिवशीच्या सहलीची वेळ विचारली. विठ्ठलरावांचा फोन सकाळी आला. "सगळ्यांसमोर लिहायची काही गरज नव्हती," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझ्याकडं त्या दिवसाचे साडेचारशे फोटो आहेत, सिद्धांत. एकही उघडवत नाही." त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं. मी ग्रुप सोडला नाही, पण सहलींना जात नाही.

वाडीत मात्र जातो. रविवारी बाबांना पौडहून पेंड आणून देतो. पावसाळ्यात त्यांच्या गोठ्याचे पत्रे गळत होते, ते आम्ही दोघांनी मिळून बसवले. गोजराबाई वृषालीसाठी कधी वालाच्या शेंगा देते, कधी ताक. मला कुणी येऊ नको म्हणत नाही. दुर्बीण मी आता घरीच ठेवतो.

परवा, जानेवारीतल्या रविवारी, पोतं उतरवून मी करंजाकडं गेलो. बाबा उकिडवे बसले होते आणि पलीकडच्या काठावरच्या लव्हाळ्याकडं एकटक बघत होते. मान जराशी वाकडी, हातातली तंबाखू मळायची थांबलेली. काहीतरी होतं तिथं. त्यांचं ते बसणं मला आता पाठ झालंय. माझी चाहूल लागली तशी त्यांनी नजर काढून घेतली.

"काय आहे, बाबा?" मी विचारलं.

"कुटं काय," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. "पानी बघतोय."